टिटॅनियमच्या सायकल-चौकटी : निर्मात्याची निश्चिती

सायकलीच्या चौकटीवर लिहिलेले नाव व ती प्रत्यक्ष घडविणारा कारखाना ही पुष्कळदा भिन्न असतात. टिटॅनियमच्या जुन्या चौकटींबाबत ही अडचण विशेष जाणवते. पोलादी चौकट गंजू नये म्हणून रंगवावी लागते. टिटॅनियम गंजत नसल्यामुळे त्याच्या अनेक चौकटी न रंगविताच विकल्या जात व नाव चिकटचित्राने लावले जाई. ते निघून गेले, की चौकट निनावी होते. पोलादी चौकटीतील सांधकांच्या घाटावरून तिचा कारागीर पुष्कळदा ओळखता येतो. टिटॅनियमच्या नळ्या मात्र सामान्यतः सांधकांवाचून, आर्गॉन वायूच्या आवरणात वितळजोडकामाने थेट जोडतात.

अशा चौकटी इंग्लंडमधील स्पीडवेल व अमेरिकेतील टेलिडाइन या कंपन्यांनी १९७० नंतरच्या दशकात बाजारात आणल्या. त्यांसाठी व्यापारी शुद्धतेचे टिटॅनियम वापरीत. १९८६ च्या सुमारास मॅसॅचूसेट्समधील मर्लिन व टेनेसीतील लाइटस्पीड यांनी ३% ॲल्युमिनियम व २·५% व्हॅनेडियम असलेली अधिक बळकट मिश्रधातू उपयोगात आणली. ती मुळात विमानांतील द्रवीय नळ्यांसाठी प्रचारात होती. वॉशिंग्टन राज्यातील सँडव्हिक या नळ्या बनविणाऱ्या कारखान्याने इतरांच्या नावांसाठीही चौकटी घडविल्या.

नाव व निर्माता यांतील अंतराची उदाहरणे प्रसिद्ध शर्यतींतही सापडतात. १९७३ च्या ‘तूर द फ्रांस’चा विजेता लुइस ओकान्या याने काही टप्प्यांत स्पीडवेलची चौकट वापरली, त्याच्या संघाच्या सायकली मात्र मोतोबेकान या नावाच्या होत्या. १९९९ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगने कालमापन टप्प्यांत वापरलेली सायकल ट्रेक या नावाची असली, तरी तिची चौकट लाइटस्पीडची होती. (आर्मस्ट्राँगचे विजेतेपद २०१२ मध्ये रद्द झाले.)

निर्माता ठरविताना प्रथम पायट्यांच्या आसाच्या कोशावर किंवा मागील चाकाच्या पकडीवर ठोकलेला क्रमांक पाहतात. मात्र कारखान्याची नोंदवही उपलब्ध नसल्यास केवळ क्रमांकावरून फारसा बोध होत नाही. मागील पकडींमधील अंतर कालनिर्णयास उपयोगी पडते. रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींत ते पाच दंतचक्रांसाठी १२० मिमी., सहा वा सात चक्रांसाठी १२६ मिमी. व १९९० च्या सुमारास आठ चक्रांसाठी १३० मिमी. झाले. पोलादी चौकट वाकवून हे अंतर वाढविता येते. टिटॅनियम वाकविल्यावर बव्हंशी पूर्ववत होत असल्याने येथे हा पुरावा अधिक विश्वसनीय ठरतो. आसाच्या कोशाची रचनाही सूचक असते : मर्लिनच्या प्रारंभीच्या चौकटींत आटे नसून धारवे दाबून बसवीत. क्ष-किरण विश्लेषणात व्हॅनेडियम आढळल्यास शुद्ध धातूची शक्यता वगळता येते. यांपैकी कोणतेही एकच लक्षण निर्णायक मानीत नाहीत. अनेक लक्षणांचा मेळ बसावा लागतो.

या शोधाचे महत्त्व केवळ संग्राहकांपुरते नाही. शुद्ध टिटॅनियम व मिश्रधातू यांचे बळ भिन्न असल्याने तडा गेलेल्या चौकटीची सुरक्षित दुरुस्ती तिच्या मूळ घडणीच्या ज्ञानावर अवलंबून असते. तसेच दुसऱ्याच्या नावाखाली काम केलेल्या कारखान्यांचे व तेथील कारागिरांचे श्रेय या परीक्षणामुळेच त्यांच्याकडे परत जाते.