वेळेआधी गाडी सुटणार नाही

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली आणि 1854च्या मे महिन्यात रूळ कल्याणपर्यंत गेले, हे बहुतेकांनी शाळेत वाचलेले असते. त्या रुळांबरोबर या पट्ट्यात वेळेबद्दलची लेखी हमीही आली, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. कल्याणला दोन वाटा फुटतात, एक बोरघाटाकडे आणि दुसरी थळघाटाकडे. अशा जंक्शनात गाडी किती वाजता सुटते एवढेच छापून भागत नाही. ती वेळ कोणत्या घड्याळाची आणि तिच्यात नेमके वचन कशाचे, हेही लिहावे लागते. रेल्वेच्या कागदांची खरी कर्तबगारी मला या दोन उत्तरांत दिसते. आज संगणकाच्या कर्नेलमधला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यातला, टायमर कसा वागतो हे लिहून ठेवणाऱ्यालाही तीच दोन उत्तरे द्यावी लागतात.

घड्याळाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात चांगलाच पेटला. 1870च्या सुमारास रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ धरली, कारण ती तारेने सगळीकडे पाठवता येई. मुंबईचे घड्याळ तिच्या सुमारे तीस मिनिटे मागे होते. कल्याणहून शहरात आलेल्याला स्टेशनात एक वेळ दिसे आणि बाहेर पडताच दुसरी. 1881मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादून पाहिली, पण विरोधापुढे तो बेत सोडावा लागला. 1 जानेवारी 1906 पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. तरी मुंबईत 39 मिनिटे मागे असलेली जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकली. याला नुसता हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. गिरणीचा भोंगा सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे अलीकडे ओढला जाणे म्हणजे कामगाराची तेवढी झोप जाणे. पण रेल्वेचेही चूक नव्हते. एकाच रुळावर दोन घड्याळे चालली, तर समोरासमोर गाड्या येण्याचा धोका.

वचनाबद्दल रेल्वेचे सामान्य नियम फार नेमके आहेत. प्रमाणवेळ रोज 16.00 वाजता प्रमुख स्थानकांना कळवायची. गाडी निघण्याआधी गार्डाने स्टेशनच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवायचे आणि ड्रायव्हरला वेळ सांगायची. प्रवासी गाडी जाहीर वेळेआधी सोडायची नाही. म्हणजे हमी एकाच बाजूची आहे. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर खोळंबलेला माणूस विचारेल की लोकल आधी सुटणार नाही याचे कौतुक कशाला, दुखणे तर उशिराचे आहे. त्याची तक्रार खरी आहे, आणि उशीर कमी करणे रेल्वेचे कामच आहे. पण उशिरा येणारी गाडी थांबलेल्याला निदान मिळते. आधी सुटलेली गाडी मात्र कागदावर भरवसा ठेवून वेळेत आलेल्यालाच चुकते, आणि मग वेळापत्रक छापण्यात अर्थ उरत नाही.

कर्नेलच्या टायमरची हमीही अशीच एका बाजूची असते. लिनक्स या कार्यप्रणालीत एखाद्या प्रोग्रामने दहा मिलिसेकंद झोप मागितली, की एरवी निदान तेवढा वेळ जातोच. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला असेल तर जास्तही जातो. शिवाय साध्या प्रोग्रामांसाठी 50 मायक्रोसेकंदांची ढिलाई मुद्दाम राखलेली असते, म्हणजे जवळजवळचे टायमर एका दमात उरकतात आणि वीज वाचते. घड्याळेही मुख्यतः दोन आहेत. एक भिंतीवरची वेळ सांगते आणि मागेपुढे करता येते, दुसरे फक्त पुढेच जाते. कोणता टायमर कोणत्या घड्याळावर चालतो हे कागदावर नसेल, तर वेळ दुरुस्त करताच प्रोग्राम भलत्या क्षणी जागा होऊ शकतो. माणसांचा नियम यंत्राला लावणे ताणलेले वाटेल. पण जिना चढणाऱ्या प्रवाशाला कंट्रोल रूम दिसत नाही आणि प्रोग्रामला कर्नेलचे पोट दिसत नाही. दोघांच्या हातात लिहिलेले तेवढेच असते.

म्हणूनच एक उणीव मला खटकते. जगभरचे संगणक वेळेची जी सारणी वापरतात, तिच्यात संपूर्ण भारतासाठी 'एशिया/कोलकाता' ही एकच नोंद आहे. 1870 ते 1905 या काळासाठी तिच्यात मद्रास वेळ आहे, ग्रिनिचच्या 5 तास 21 मिनिटे 10 सेकंद पुढची. मुंबई वेळेला स्वतःची नोंद नाही. त्यामुळे 1895 सालच्या मुंबईतल्या घटनेची वेळ संगणकाला विचारली, तर तो रेल्वेचे घड्याळ दाखवतो. शहराच्या वेळेसाठी संशोधकाला अर्धा तास हाताने वजा करावा लागतो, आणि 1906 नंतरच्या काही दशकांसाठी 39 मिनिटे.