स्वनिर्मित विमानांतील बर्फनिवारण आणि विजेची गरज : एक ऐतिहासिक विचार

पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी येथे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कारखाना वसविला. तेथे पुढे तयार होऊ लागलेल्या पंपांमुळे अश्वशक्ती हे परिमाण या कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळले. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. विमानावरील बर्फनिवारणाचा इतिहासही याच परिमाणाने नीट उलगडतो, कारण तो मुख्यतः ऊर्जा कोठून आणावयाची या प्रश्नाचा इतिहास होय. प्रस्तुत लेखात स्वनिर्मित लहान विमानांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

ढगांतील अतिशीत जलबिंदू पंखाच्या पुढील कडेवर आदळताच गोठतात. खरखरीत काचकागदाएवढा पातळ थरही उत्थापक बल सुमारे ३० टक्क्यांनी घटवितो व हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवितो. यावर पहिला यशस्वी व्यापारी उपाय १९३० च्या दशकात अमेरिकेतील गुडरिच कंपनीने आणला. विल्यम गीअर यांच्या प्रयोगांतून सिद्ध झालेली रबरी आवरणे हवेने फुगवून बर्फ फोडला जाई. लुईस रॉडर्ट यांनी इंजिनाच्या निष्कासाची उष्णता पंखांत खेळविली. या कार्यास १९४६ चे कॉलियर पारितोषिक मिळाले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सच्छिद्र पट्टीतून ग्लायकॉलयुक्त द्रव पाझरविण्याची पद्धत निघाली. या तिन्ही उपायांत विजेचे स्थान दुय्यम होते, ही बाब पुरेशी लक्षात घेतली जात नाही. पंखाची कड विजेने तापविणे बोइंग ७८७ सारख्या प्रचंड जनित्रे बाळगणाऱ्या विमानास परवडते.

लहान विमानाचे गणित निराळे आहे. आठ मीटर पंखविस्तार आणि १५ सेंटिमीटर रुंदीची तापविण्याची पट्टी धरल्यास क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर होते. दर चौरस मीटरला स्थूलमानाने १५ किलोवॅट धरले, तर १८ किलोवॅट, म्हणजे सुमारे २४ अश्वशक्ती लागते. हौशी निर्मात्यांच्या पसंतीचे रोटॅक्स ९१२ हे १०० अश्वशक्तीचे इंजिन. त्याच्या अंगभूत जनित्राची क्षमता मात्र २५० वॅट, म्हणजे एक तृतीयांश अश्वशक्ती. पट्टीचे भाग करून ते आळीपाळीने तापविले तरी ही तफावत भरून निघत नाही. वेगमापकाची पिटो नळी तापविण्यासच सुमारे १०० वॅट खर्च होतात. उरलेल्यात रेडिओ, दिवे आणि बॅटरी.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडले गेले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळे येथे त्याने उड्डाण केले. अशा निर्मात्याने पाश्चात्त्य आराखड्यांतील बर्फनिवारण जसेच्या तसे उचलावे काय? माझ्या मते नाही. पावसाळ्यात आपल्याकडील शून्य अंशाची पातळी साधारणतः पाच ते सहा हजार मीटरवर असते. लहान विमाने बहुधा तिच्या पुष्कळ खाली उडतात.

येथील खरा बर्फ कार्ब्युरेटरमध्ये असतो. पेट्रोलचे बाष्पीभवन व अरुंद मार्गातील दाबाची घट यांमुळे आतील तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते. म्हणून जुलैतील पलूसच्या दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश असतानाही, विशेषतः इंजिनाची शक्ती कमी करून खाली उतरताना, तेथे बर्फ धरून इंजिन बंद पडू शकते. निष्कासनळीभोवती तापलेली हवा एका झडपेद्वारे आत घेणे हा त्यावरील जुना उपाय आहे, आणि त्यास एक वॅटही वीज लागत नाही.