स्टेंटमधील पुनःसंकोच

हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा करणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. विलेपी विकाराने (भित्तीत मेदी पदार्थ साचून होणाऱ्या विकाराने) अरुंद झालेली हृद्‌रोहिणी फुग्याच्या साहाय्याने रुंदावतात व ती उघडी राहावी म्हणून तीत धातूच्या जाळीची बारीक नळी बसवितात. हिला स्टेंट म्हणतात. स्टेंटच्या जागी रोहिणी पुन्हा अरुंद होणे म्हणजे पुनःसंकोच होय. आतील व्यास निम्म्याने वा त्याहून अधिक घटल्याचे क्ष-किरण चित्रणात दिसल्यास पुनःसंकोच झाला असे मानतात. हा दोष प्रारंभी मुख्यतः यांत्रिक समजला गेला. परंतु तो बऱ्याच अंशी जखम भरून येण्याच्या जैव प्रक्रियेचा, विशेषतः शोथाचा (दाहयुक्त सुजेचा), परिणाम असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

इतिहास : अमेरिकन क्ष-किरणतज्ञ चार्ल्स डॉटर यांनी १९६४ मध्ये पोर्टलंड येथे एका वृद्ध स्त्रीच्या पायातील अरुंद रोहिणी कॅथेटरच्या (बारीक पोकळ नळीच्या) साहाय्याने रुंद केली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे हृद्‌रोहिणीत फुगा फुगवून हाच उपचार हृदयासाठी उपलब्ध केला. मात्र साधारणतः तीन रुग्णांपैकी एकाची रोहिणी सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद होई. ताणलेली भित्ती रबराप्रमाणे मागे येते, या कल्पनेनुसार तिला आतून आधार देण्याचे प्रयत्न झाले. झाक प्यूएल यांनी तूलूझ येथे व उलरिख सिगवार्ट यांनी लोझॅन येथे १९८६ मध्ये मानवी हृद्‌रोहिणीत स्टेंट बसविले.

बेनेस्टेंट व स्ट्रेस या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी स्टेंटची उपयुक्तता सिद्ध केली. पहिल्या चाचणीत पुनःसंकोचाचे प्रमाण केवळ फुगा वापरलेल्या रुग्णांत शेकडा ३२, तर स्टेंट बसविलेल्यांत शेकडा २२ आढळले. भित्तीचे मागे येणे थांबले, तरी पाचांपैकी एका रुग्णात संकोच होतच राहिला. त्याचे कारण आता आधाराच्या अभावात नव्हे, तर ऊतकाच्या वाढीत शोधणे भाग पडले.

शोथाचे कार्य : फुगा व स्टेंट यांच्या दाबाने रोहिणीचा नाजूक अंतःस्तर खरवडला जातो व मध्यस्तरास इजा होते. उघड्या पडलेल्या जागी बिंबाणू (रक्त साखळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म तबकड्या) चिकटतात आणि पांढऱ्या कोशिका जमतात. त्यांच्यापासून स्रवणाऱ्या पदार्थांमुळे मध्यस्तरातील अरेखित स्नायुकोशिका आतील बाजूस सरकतात, वाढतात व तंतुमय द्रव्य निर्माण करतात. त्वचेवरील जखमेचा वण उठावा तसा हा नवा थर जाळीच्या छिद्रांतून आत येतो. फुग्याने झालेली इजा एकवारची असते. स्टेंट मात्र परका पदार्थ म्हणून तेथेच राहतो व शोथ रेंगाळतो. डुकरांच्या हृद्‌रोहिणींवरील १९९८ मधील प्रयोगांत नव्या थराची जाडी इजेप्रमाणेच शोथाच्या तीव्रतेशीही निगडित असल्याचे दिसले. मधुमेही रुग्णांत व लहान व्यासाच्या रोहिण्यांत पुनःसंकोच अधिक आढळतो.

शोथ हे कारण असल्यास शोथशामक औषधाने संकोच घटला पाहिजे, या तर्काचीही परीक्षा झाली. शोथदर्शक प्रथिनाचे रक्तातील प्रमाण वाढलेल्या रुग्णांना प्रेडनिसोन दिले असता पुनःसंकोच शेकडा ३३ वरून ७ वर आल्याचे २००२ मधील एका लहान चाचणीत आढळले. २०१३ मध्ये मधुमेही रुग्णांत कॉल्चिसिनानेही असाच लाभ दिसला. तथापि संपूर्ण शरीरावर परिणाम करणारे असे उपचार सरसकट रूढ झाले नाहीत. औषध स्टेंटवरूनच द्यावे, हा मार्ग अधिक फलदायी ठरला.

औषधलेपित स्टेंट : ईस्टर बेटावरील मातीतल्या सूक्ष्मजीवापासून सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रिऑल येथे मिळविलेले सिरोलिमस हे द्रव्य कोशिकांचे विभाजन रोखते. त्याचा लेप दिलेला स्टेंट एदुआर्दो सोउसा यांनी डिसेंबर १९९९ मध्ये साऊँ पाउलू येथे मानवात प्रथम वापरला. रॅव्हेल चाचणीत (२००२) साध्या स्टेंटच्या गटात शेकडा २६.६ रुग्णांत पुनःसंकोच झाला, तर लेपित स्टेंटच्या गटात एकाही रुग्णात झाला नाही.

हे यश निर्भेळ नव्हते. औषधाने अंतःस्तराची दुरुस्तीही लांबते. शिवाय औषध धरून ठेवणारे बहुवारिक काही रुग्णांत स्वतःच तीव्र शोथ उत्पन्न करते, हे रेणू विरमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. उघड्या राहिलेल्या जाळीवर उशिरा रक्ताची गुठळी होऊन अकस्मात मृत्यू ओढवू शकतो. त्यामुळे पुढे अधिक बारीक तारांचे व सौम्य किंवा विरघळणाऱ्या बहुवारिकाचे स्टेंट प्रचारात आले. पुनःसंकोच झालेल्या जागी औषधलेपित फुगाही वापरतात.

महाराष्ट्र व रत्नागिरी : भारतात साधा की लेपित स्टेंट, ही निवड दीर्घकाळ रुग्णाच्या ऐपतीवरही अवलंबून होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रु. व लेपित स्टेंटची २९,६०० रु. ठरविली. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ मध्ये रत्नागिरीसह उर्वरित जिल्ह्यांस लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. तीत हृद्‌रोहिणीवरील उपचारांचा समावेश आहे.

तथापि या विकाराचा पुढील काळ रुग्णालयात नव्हे, घरीच जातो. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचे निकट नाते मुंबईशी आहे आणि मोठ्या उपचारासाठी मुंबई वा कोल्हापूर गाठण्याची रीत जुनी आहे. स्टेंट शहरात बसविला जातो, तर अंतःस्तर भरून येण्याचे महिने मंडणगडापासून राजापूरपर्यंतच्या गावांत व्यतीत होतात. या काळात ॲस्पिरिनासोबत दुसरे बिंबाणुरोधक औषध साधारणतः सहा महिने, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास बहुधा वर्षभर, द्यावे लागते. छातीत दुखणे थांबले म्हणून ते परस्पर बंद केल्यास गुठळीचा धोका वाढतो. ही औषधे पुनःसंकोच मात्र टाळत नाहीत. तो काही महिन्यांत हळूहळू होतो व बहुधा श्रमाच्या वेळी पुन्हा उद्‌भवणाऱ्या हृद्‌शूलाने ओळखू येतो. म्हणून चढ चढताना पूर्वीची कळ परत आल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये. धूम्रपान सोडणे, मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नियमित तपासणी करून घेणे हे स्टेंट बसविण्याइतकेच महत्त्वाचे आहे.