रेसर्पिनमधला साप

काष्ठौषधीच्या दुकानातून सर्पगंधेची मुळी आणली ती केवळ हुंगण्यासाठी. नखाने साल खरवडली, नाकाशी धरली. वास जवळपास नाहीच. जिभेला टेकवली तर कडूजहर. मग नावात 'गंध' आला कुठून?

मुळी सापासारखी वेडीवाकडी असते म्हणून, असं पुस्तकं सर्रास सांगतात. पण आकारावरून नाव पडलं, तर त्याला गंध कशाला चिकटेल? हिच्या वासाने साप पळतो, हे दुसरं उत्तर. पण आधी वास तर हवा!

मला धागा सापडला तो मराठीतल्या 'मुंगूसवेल' या नावात. सर्पगंधा हे जेमतेम गुडघ्या-मांडीपर्यंत येणारं झुडूप, वेल नव्हेच. शिवाय हे नाव इतर वनस्पतींनाही चालतं. म्हणजे ते झाडाचं रूप पाहून पडलेलं नाही, गोष्टीतून आलंय. संस्कृतातही 'नाकुली' आहे, नकुलावरून. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस हे मूळ चावतं, ही ती गोष्ट. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा यानेही 'पाउ द कोब्रा', नागाचं लाकूड, सांगताना मुंगसाला आणलंच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये झाडाला ऑफिऑक्सिलॉन सर्पेन्टिनम म्हटलं. त्यातला पहिला शब्द ग्रीक, अर्थ तोच: साप-लाकूड. पुढे प्रजातीचं नाव बदलून रौवोल्फिया झालं, सर्पेन्टिना तेवढं टिकलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं आणि पुढे 'सर्पासिल' नावाने विकलं. लॅटिन 'सर्पेन्स' आणि आपला 'सर्प' एकाच धातूचे. त्यामुळे स्विस डबीवरचा साप आपल्याला ओळखायला कोशाची गरज पडत नाही.

ही मुळी सर्पदंशावर देत, तशी वेडावरही. पण सापाचं औषध वेडावर गेलं कसं? माझा तर्क असा: चावणारे बहुतेक साप बिनविषारी. माणूस विषाने नाही, भीतीने अर्धमेला होतो. मुळी देणाऱ्याने विष उतरलेलं पाहिलं नाही, माणूस निवलेला पाहिला. उन्मादावर हीच मुळी द्यावी, हे तिथूनच सुचलं असणार.

गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून 1931 मध्ये वेड आणि रक्तदाब दोहोंवरचा उपयोग छापला. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला. न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइनने 1954 मध्ये मनोरुग्णांवरचा. 1957 चं लास्कर पारितोषिक वकील आणि क्लाइन दोघांनाही मिळालं.

माझ्या तर्काला नडतं ते औषधाचं कामच. मेंदूतल्या पेशी डोपामिनसारखी द्रव्यं इवल्या पिशव्यांत साठवतात. रेसर्पिन पिशव्या भरणंच बंद पाडतं, आणि साठा हळूहळू आटतो. औषधशास्त्रज्ञ अर्विद कार्लसनने 1957 मध्ये रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडलेले दाखवले, आणि डोपामिनचा कच्चा माल, एल-डोपा, टोचताच ते उठले. पार्किन्सनसारखा ताठरपणा, उदासी, घसरलेला रक्तदाब हे तोटेही त्याच आटण्याचे. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरचं दुसरं औषध आल्यावर मनोरुग्णालयांतून रेसर्पिन मागे पडलं.

मुद्दा असा की तोंडाने घेतलेल्या या औषधाचा पुरता गुण यायला दिवस, कधी आठवडेही जातात. सर्पदंशाचा निकाल त्याआधीच लागलेला असतो. तरी मी तर्क सोडत नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस आठवड्याने बरा असतोच. तोवर मुळी चालू ठेवली असेल, तर तो गप्पही झालेला असतो. श्रेय मुळीलाच!