परघरची ठेव

घरच्या संगणकावर लिहिलेलें पान जगाला वाचावयास मिळावें, असें वाटत असेल, तर तें अहोरात्र जागें असणाऱ्या एखाद्या परक्या यंत्रावर नेऊन ठेवावें लागतें. या नेऊन ठेवण्यालाच अपलोड करणें म्हणतात. काम चार क्षणांचें. परंतु त्याचा इतिहास पाहूं गेल्यास ‘ठेव कोणाची आणि घर कोणाचें’ हा जुनाच तंटा त्यांत पुन्हा भेटतो.

नवल असें, कीं पान पाठविण्याची ही रीत वेबपेक्षां जवळजवळ वीस वर्षांनीं वडील आहे. १६ एप्रिल १९७१ रोजीं अमेरिकेंतील एम. आय. टी. मध्यें अभय भूषण या भारतीय तरुणानें ‘फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल’चा, म्हणजे एफ. टी. पी. चा, पहिला मसुदा प्रसृत केला. हे गृहस्थ अलाहाबादचे आणि कानपूरच्या आय. आय. टी. च्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. अर्पानेट या जाळ्यावर त्या वेळीं मोजकींच यंत्रें होतीं व त्यांच्या चालीरीति भिन्न होत्या. एकाची फाइल दुसऱ्यास उमगेल अशा शिस्तीनें पोंचावी, एवढाच हेतु. घरगुती संकेतस्थळ तेव्हां कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें.

पुढें स्थिरावलेल्या या रीतींत एका वाटेनें हुकूम जातो व दुसरीनें माल. माल मजकूर आहे कीं चित्र, हें आधीं सांगावें लागे. कारण मजकूर नेतांना ओळीच्या शेवटची खूण पलीकडील यंत्राच्या चालीप्रमाणें बदलली जाई. छायाचित्र चुकून मजकूर म्हणून पाठविलें, कीं हेंच सौजन्य त्याच्या मुळावर येई आणि पलीकडे ओळखूं न येणारा चुराडा निघे. पण खरी उणीव निराळीच. परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. तिजोरीची खूण पोस्टकार्डावर लिहून धाडण्यासारखाच हा प्रकार. अशा शब्दांची चोरी झाल्यावर १९९५ मध्यें हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठांतील तातू इलोनेन यांनीं एस. एस. एच. ही गुप्त वाट काढली.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या मनांत मात्र असली वाहतूक नव्हती. जिनिव्हानजीकच्या सर्न संस्थेंत १९९० मध्यें त्यांनीं केलेल्या पहिल्या ब्राउझरांत पान वाचतांहि येई आणि लिहितांहि येई. त्यांच्याच मेजावरचें यंत्र सर्व्हरचें काम करी, व तें बंद करूं नये अशी लाल शाईची चिठ्ठी त्यावर डकविलेली होती. १९९३ मध्यें लोकप्रिय झालेला मोझेइक हा ब्राउझर केवळ वाचण्यापुरता राहिला. वाचणें आणि लिहिणें यांची अशी फारकत झाली, आणि मधली दरी सांधण्यास जुनी एफ. टी. पी. कामास आली.

भाड्यावांचून जागा देणारे धर्मशाळावालेहि मग पुढें आले. १९९४ मध्यें डेव्हिड बोनेट व जॉन रेझ्नर यांनीं काढलेली कंपनी जिओसिटीज या नांवानें प्रसिद्धीस आली. तिनें आपल्या जागेचे मोहल्ले पाडले होते. साहित्य-तत्त्वज्ञानाच्या भक्तांनीं ‘अथेन्स’मध्यें, सिनेमावेड्यांनीं ‘हॉलिवुड’मध्यें घर घ्यावें, प्रत्येक घराला क्रमांक! आपल्या मांजराचें चित्र मांडणाऱ्यालाहि पत्ता लाभला, आणि ही गोष्ट मुळींच क्षुल्लक नव्हे. छापखान्याची पायरी न चढतां सामान्य गृहस्थ प्रकाशक झाला.

१९९९ मध्यें याहूनें ही वस्ती साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक मोलाला घेतली. त्याच वर्षींच्या जूनमध्यें रहिवाशांच्या मजकुरावर कंपनीला व्यापक हक्क देणाऱ्या अटी पुढें आल्या. लोकांनीं बहिष्कार पुकारला, आणि कंपनीला त्या बदलाव्या लागल्या. रहिवासी जिंकले खरे, पण घराची किल्ली मालकाच्याच कमरेला राहिली. एप्रिल २००९ मध्यें नोटीस निघाली व २६ ऑक्टोबरला अमेरिकेंतील सारी वस्ती बंद झाली.

अपलोड म्हणजे मुलीची पाठवणी नव्हे. जातें ती प्रत, मूळ घरींच राहतें. ज्यांनीं तें जपलें होतें, त्यांना दुसरें बिऱ्हाड शोधतां आलें. ज्यांनीं कंपनीच्याच चौकटींत थेट लिहिलें होतें, अथवा ज्यांचा जुना संगणक केव्हांच भंगारांत गेला होता, त्यांची भिस्त अनोळखी स्वयंसेवकांवर राहिली. ‘आर्काइव्ह टीम’ या गटानें शेवटच्या महिन्यांत हातीं लागतील तितकीं पानें उतरवून घेतलीं आणि २०१० मध्यें तो सारा गठ्ठा ज्याला हवा त्याला नेण्यास खुला केला.