संचमान्यता

संचमान्यता : शाळेच्या पटावरील विद्यार्थिसंख्येवरून त्या शाळेस अनुज्ञेय असलेली शिक्षक व शिक्षकेतर पदे निश्चित करण्याची महाराष्ट्रातील प्रशासकीय पद्धती. मुख्याध्यापकाने भरलेल्या आणि वरिष्ठ कार्यालयांनी तपासलेल्या माहितीवरून संगणकावर निघणाऱ्या या तक्त्यावर अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन, भरतीची रिक्त पदे आणि अनुदानित शाळांतील वेतन ही सर्वच अवलंबून असल्यामुळे, शालेय आकडेवारीवरून होणाऱ्या निर्णयांत याहून दूरगामी निर्णय क्वचितच आढळेल.

मूळ दप्तर : मुलाचे नाव, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक व कारण यांची नोंद जनरल रजिस्टरात होते आणि दैनंदिन उपस्थिती हजेरीपत्रकात. पट पहिल्यावरून ठरतो, वर्गातील वास्तव दुसऱ्यावरून कळते. या दोन दप्तरांतील तफावत हाच या विषयातील सर्व वादांचा उगम होय. संगणकीय प्रणाली कितीही शीघ्र असली, तरी तिची विश्वसनीयता या दोन वह्या राखणाऱ्या शिक्षकाच्या सचोटीपलीकडे जाऊ शकत नाही.

संकलन : जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या काळात सिद्ध झालेल्या ‘डायस’ या शालेय माहिती-संकलनाच्या प्रणालीत 2012-13 पासून माध्यमिक शाळांचा समावेश होऊन ‘यू-डायस’ अस्तित्वात आली. तिच्या अकरा अंकी संकेतांकातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र 27) असून पुढील अंक क्रमाने जिल्हा, तालुका, गाव वा प्रभाग आणि शाळा दर्शवितात. माहितीसाठी 30 सप्टेंबर हा दिवस प्रमाण मानला जाई. त्या दिवशी बीड जिल्ह्यातील आपल्या गावी पटावर असलेली ऊसतोडणी कामगारांची मुले पुढे गाळप हंगामात आईबापांबरोबर फडावर जातात, आणि एका दिवसाच्या गणनेत हे स्थलांतर उमटत नाही, ही उणीव गंभीर होती. राज्याने 2015 मध्ये ‘सरल’ या संगणकीय प्रणालीद्वारे, व केंद्राने 2022-23 पासून, वर्गवार बेरजेऐवजी विद्यार्थिनिहाय नोंद स्वीकारली.

निकष : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन, 61 ते 90 साठी तीन व 91 ते 120 साठी चार शिक्षक, म्हणजे साठावे व एकसष्टावे मूल यांमधील अंतर एका शिक्षकाचे होय, आणि म्हणूनच एका नावाच्या नोंदीस एवढे मोल येते. सहावी ते आठवीसाठी किमान प्रमाण 35 विद्यार्थ्यांमागे एक. राज्याने 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष सुधारले. अल्पपटाच्या शाळांवरील त्याच्या परिणामांविषयी मतभेद आहेत.

पटपडताळणी : नांदेड जिल्ह्यातील प्रयोगानंतर ऑक्टोबर 2011 मध्ये पटावरील मुले प्रत्यक्ष हजर आहेत का हे तपासण्याची ही मोहीम राज्यभर एकाच वेळी राबविण्यात आली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांस शाई लावण्यात आली. पन्नास टक्क्यांहून कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांवर कारवाईचे आदेश निघाले व प्रकरणे न्यायालयात गेली. पुढे आधार क्रमांकाची वैधता ही पट मोजण्याची अट झाली. तथापि जे मूल वर्गात बसते पण ज्याचा क्रमांक प्रमाणित होत नाही, त्याला गणनेबाहेर ठेवणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

अध्ययनविषयक आकडेवारी : मुले प्रत्यक्षात काय शिकली, याची आकडेवारी ‘असर’ पाहणी (2005 पासून) व राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण यांतून मिळते. संचमान्यतेच्या निकषांत यांस स्थान नाही.