काळ्या शाईतली राणी

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आज आम्ही एक चित्र शब्दांतच दाखवणार आहोत. एक राणी पुस्तकावर वाकून उभी आहे. अंगावर पायघोळ काळा झगा. झगा कसला, काळ्या शाईचा मोठा थोरला आकारच तो! भोवती वेलबुट्टीची चौकट. दागिना नाही, सिंहासन नाही.

ही राणी ग्विनिव्हर, इंग्लंडच्या दंतकथांमधल्या आर्थर राजाची पत्नी. सर थॉमस मॅलरी यांनी पंधराव्या शतकात या कथा इंग्रजीत एकत्र मांडल्या आणि 1485 मध्ये कॅक्स्टन यांनी त्या छापल्या. कथेच्या शेवटी आर्थर जातो, राज्य मोडतं आणि राणी मठात जाऊन जोगीण होते. तो प्रसंग चारशे वर्षांनी ऑब्री बियर्डस्ली या तरुणानं असा काढला.

तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची अखेरची वर्षं चालली होती. यंत्रावर छापलेली पुस्तकं स्वस्त झाली होती, पण त्यांचं रूप हरवलं होतं, अशी विल्यम मॉरिस यांची तक्रार होती. त्यांनी 1891 मध्ये केल्मस्कॉट प्रेस काढला. हातकागद, हातानं छपाई आणि लाकडावर कोरलेली चित्रं. पुस्तकं देखणी झाली, पण ती श्रीमंतांनाच परवडत. 1896 मध्ये त्यांनी काढलेल्या चॉसरच्या ग्रंथाची किंमत वीस पौंड होती.

जे. एम. डेंट या प्रकाशकांना मॅलरींचं पुस्तक त्याच जुन्या थाटात, पण कमी खर्चात काढायचं होतं. फ्रेडरिक इव्हान्स या पुस्तकविक्रेत्यांनी त्यांना बियर्डस्लीचं नाव सुचवलं. हा विमा कचेरीतला कारकून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दुकानात येऊन बसे. वय अवघं वीस. लहानपणापासून क्षयाची बाधा. चित्रकलेचं रीतसर शिक्षण म्हणाल तर काही महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग. आई पियानो शिकवून घराला हातभार लावी. नावाजलेले चित्रकार बर्न-जोन्स यांच्याकडे आपली चित्रं घेऊन तो गेला, तेव्हा बहीण मेबल त्याच्यासोबत होती.

डेंट यांचा खर्च वाचला तो लाइन ब्लॉकमुळे. चित्राचा फोटो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि तेजाबानं मोकळी जागा खाऊ द्यायची, की काळी रेघ ठशासारखी वर उरते. कोरणाऱ्या कारागिराची गरजच उरली नाही. चित्रकाराची रेघ थेट कागदावर आली; मात्र पिढीजात कसब हाती असलेल्या कोरक्यांचं काम त्याच रेघेनं काढून घेतलं. पुस्तकाचं हे देखणेपण हाताळताना तेही आठवावं, असं आम्हाला वाटतं.

या ठशाला करडा रंग ठाऊक नाही. काळं किंवा पांढरं, मधलं काही नाही. दुसऱ्यानं बारीक रेघांची जाळी विणून सावली दाखवली असती. बियर्डस्लीनं अडचणीचीच रीत केली: काळं ते गच्च काळं, पांढरं ते कोरं. म्हणून राणीच्या काळ्या झग्यात तिचं सगळं गेलेलं आयुष्य दाटून आल्यासारखं वाटतं.

1893 ते 1894 या काळात पुस्तक बारा भागांत निघालं. तीनशेहून अधिक चित्रं, चौकटी आणि सजवलेली अक्षरं एकट्यानं काढायची होती. बियर्डस्ली मध्येच कंटाळला. घेतलेलं काम पुरं कर, असा आईचा आग्रह होता. मॉरिस तर या चित्रांवर नाराजच झाले. आपल्या थाटाची ही नक्कल, असं त्यांना वाटलं. पण मॉरिस यांच्या पानातली दाट वेल जागा भरून काढते, तर बियर्डस्ली जागा मोकळी सोडायला शिकत होता.

1898 मध्ये फ्रान्समधल्या मेंटन गावी तो वारला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. याच पुस्तकातल्या आणखी एका चित्रात इसूड राणी मेजाशी बसून ट्रिस्ट्रमला पत्र लिहिते आहे. तलवारींनी भरलेल्या या कथांमध्ये एका वाचणाऱ्या आणि एका लिहिणाऱ्या बाईला त्यानं पानभर जागा दिली. ही चित्रं कधी हाती आली तर आधी काळं बघा, मग पांढरं कुठे सोडलंय ते बघा. पुन्हा भेटूच.